बिनकागदाचा आवाज

पाष्टेकाकांनी म्हशीच्या हंबरण्याला दोन साक्षीदार आणले होते. थट्टा वाटत असेल तर तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, येऊन वाचा. मजकूर असा:

'लिहून देणार: श्री. बारकू गोमा म्हात्रे, धंदा दूध, राहणार मोहने. लिहून घेणार: कॉलेजचे रेडिओ केंद्र. कारणे लिहून देतो की, माझे मालकीची म्हैस, नावे चंपी, रंग काळा, डावे शिंग किंचित मोडके, हिचा हंबरण्याचा आवाज, मुदत अकरा सेकंद, मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व कोणत्याही नशेचा अंमल नसताना वापरण्यास देत आहे. सदर आवाजावर माझ्या भाऊबंदांचा कसलाही हक्क वा हितसंबंध नाही.'

खाली सही. शेजारी साक्षीदार दोन, एक पेंडवाला आणि एक जनावरांचा डॉक्टर. आम्हाला ती म्हैस आठ सेकंद हवी होती.

मी डोंबिवलीतल्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओत कार्यक्रम करते. करते म्हणजे लिहिते, बोलते, कापते, जोडते आणि एसीखाली बादली ठेवते. माझ्याबरोबर सचिन नावाचा तंत्रज्ञ आहे. त्याला मशीनबद्दल सगळं कळतं आणि माणसांबद्दल काही नाही, त्यामुळे त्याचं छान चाललंय. बाकी विद्यार्थी आहेत. ते हजेरी लागेपर्यंत रेडिओवर अतोनात प्रेम करतात.

आवाजांसाठी वर्षाची तरतूद किती, असं मी रुजू झाले तेव्हा प्राचार्यांना विचारलं होतं. ते मनापासून चकित झाले. म्हणाले, "आवाजाला कसले पैसे मॅडम? आवाज तर हवेत असतो!"

मग मी फुकटात शोधायला लागले. इंटरनेटवर फुकट आवाजांचा उकिरडा आहे, आणि त्यात हात घातल्यावर जे लागतं तेच मला लागलं. तिथल्या दाराचा आवाज लावला की पलीकडे केवढा मोठा दिवाणखाना आहे ते कळतं. माझ्या नाटिकेतलं दार वन रूम किचनचं. 'खेड्यातली सकाळ' उतरवून घेतली, तर कोंबड्यापाठोपाठ चर्चची घंटा. 'बाजार' घेतला, तर त्यात सगळी माणसं एकमेकांशी हळू आवाजात आणि अदबीनं बोलत होती. असला बाजार ज्या देशात भरतो तिथे भाजी कोण विकत घेतं देव जाणे. आणि एखादा आवाज खरंच बरा निघाला, की त्यात दर पाच सेकंदांनी एक बाई त्या वेबसाइटचं नाव कुजबुजायची. पैसे भरले की बाई गप्प बसते म्हणे. आमच्याकडे ती शेवटपर्यंत बोलत राहिली.

बोलण्याखाली जी बारीक सुरावट अंथरतात तिला आमच्या धंद्यात बेड म्हणतात. मधुमेहावरच्या कार्यक्रमासाठी मी असाच एक फुकट बेड शोधून काढला. टिंग टिंग, प्रसन्न, जरा आशावादी. सकाळी आठला कार्यक्रम सुरू झाला, डॉक्टर म्हणाले 'नमस्कार', आणि कॉलेजसमोरच्या चाळीतल्या बायका डबे घेऊन खाली आल्या. झालं होतं असं, की घंटागाडीच्या कुठल्याशा कंत्राटदारालाही तीच वेबसाइट सापडली होती आणि तीच सुरावट आवडली होती. चहाच्या टपरीवर आमचा रेडिओ लागला की अर्धी गल्ली कचरा घेऊन रस्त्यावर. डॉक्टर साखर कमी करा सांगतायत आणि लोक गाडी शोधतायत.

चौथ्या दिवशी एक गृहस्थ केंद्रात आले. वय सत्तरीच्या अलीकडे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन पेनं आणि दोन हातांत दोन डबे.

"ओला आणि सुका," ते म्हणाले. "रोज तीन मजले उतरतोय मी. हा आवाज तुमचा की महापालिकेचा? कागद काय म्हणतो?"

हे ग. रा. पाष्टे. नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. लोकांची घरं, शेतं, वाटण्या, बक्षीसपत्रं, सगळी यांच्या हाताखालून गेलेली. तीन पेनांपैकी एक हिरवं होतं. ते त्यांनी कधीच उघडलं नाही, कारण हिरवी शाई साहेबांची. साहेब होऊन गेले, कचेरी सुटली, तरी पेन खिशात आणि टोपण घट्ट.

मी त्यांना सांगितलं, की आवाज फुकटचा आहे, कोणाचाच नाही. हे ऐकून त्यांनी दोन्ही डबे खाली ठेवले.

"फुकट काही नसतं मॅडम. फुकट म्हणजे कुणाची तरी सही राहिलेली असते."

दुसऱ्या दिवशी ते परत आले ते एक छोटा रेकॉर्डर घेऊनच. वाऱ्याची खरखर येऊ नये म्हणून त्याला माकडटोपी घातलेली. "तुम्हाला काय आवाज लागतील त्याची यादी द्या," म्हणाले. "मी आणतो. मानधन नको. फक्त माझ्या पद्धतीनं आणीन."

मी हो म्हणाले. फुकट माणूस मिळतोय म्हटल्यावर माझ्यातला प्राचार्य जागा झाला. ती चूक मी दोन वर्षं फेडली.

काकांची पद्धत अशी. रेकॉर्डर चालू केला, की आधी ते दस्त वाचायचे. "आज रोजी, मौजे कोपरी, तालुका व जिल्हा ठाणे, येथील पिठाच्या गिरणीचा आवाज. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस रिक्षास्टँड, पश्चिमेस सार्वजनिक नळ, उत्तरेस किराणा दुकान, दक्षिणेस लिहून देणार यांचे राहते घर." हे संपेपर्यंत गिरणीवाल्याचं दळण संपलेलं असायचं. मग गिरणी बंद होण्याचा आवाज, मग शांतता, मग काकांचा खोकला, मग "दस्त पुरा झाला." पिठाच्या गिरणीच्या नावाखाली माझ्याकडे खोकला जमा झाला. पुढच्या दळणासाठी ते पुन्हा गेले. कोपरी काही डोंबिवलीच्या परसात नाही.

सगळ्यांना त्यांनी नवी नावं दिली होती. ज्याचा आवाज तो 'लिहून देणार'. मी 'लिहून घेणार'. फोनवर सुद्धा, "लिहून घेणार मॅडम आहेत का?" सचिनला वाटलं माझं आडनाव बदललं.

"कागद झालाय" हा त्यांचा सर्वात मोठा आनंद आणि "वाद नको" ही सर्वात मोठी भीती. कुकरची शिट्टी घेतली तर कुकर माहेरचा की सासरचा हे विचारून यायचे. शाळेची घंटा घेतली तर मुख्याध्यापकांचा ठराव घेऊन आले. मी म्हटलं, "काका, घंटा आहे ती, जमीन नाही." तर म्हणाले, "जमिनीचं सुद्धा सगळे असंच म्हणायचे. मग कोर्टात भेटायचे."

आता ती म्हैस. बारकूशेटला पहिल्यांदा कळेचना. "अरं काका, म्हस वरडली, सही मी कनाला करू?" तरी पाहुणा माणूस म्हणून केली. काका मोठ्यानं वाचून दाखवत होते ते 'भाऊबंदांचा हक्क नाही' या वाक्याशी आले, आणि नेमका तेव्हा बारकूशेटचा धाकटा भाऊ गोठ्यात आला. हायवेत गेलेल्या जमिनीच्या वाटणीवरून दोघांचं आधीच फाटलेलं. त्यानं हक्क हा शब्द ऐकला आणि तो उसळला. "माजा हिस्सा नाय? म्हस बापाशीची हाय! आवाज इकलास तिचा?" पेंडवाल्यानं आणि डॉक्टरनं मध्ये पडून सोडवलं म्हणून बरं, साक्षीदार तेवढ्यापुरते कामाला आले.

इतकं होऊन काकांनी तो आवाज मला वापरू दिला नाही. फायलीवर 'वादग्रस्त' असा शेरा मारला. शेवटी सचिन माइकसमोर उभा राहून हंबरला. चांगला हंबरला, अंगात होतं. काकांनी त्याच्याकडूनही सही घेतली.

मी त्यांना नावं ठेवत नव्हते असं नाही. सांगत सुटले होते. कॉलेजच्या कँटीनमध्ये पाष्टेकाकांच्या नकला हा माझा ठरलेला कार्यक्रम होता आणि त्याला रेडिओपेक्षा जास्त श्रोते होते. ते टेबलावर कागद ठेवून गेले की मी त्यावर चहाचा कप ठेवायचे. शिलाई मशीनच्या सात सेकंदांसाठी हा माणूस मोहन्याला तीन फेऱ्या मारून आला, आणि येताना मशीनवाल्या म्हातारबाईंनी दिलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली घेऊन आला. "बसवूनच घेतलं त्यांनी," काका सांगत होते. "जेवल्याशिवाय सही नाही म्हणाल्या." मी घड्याळाकडे बघत होते.

या जानेवारीत संस्थेच्या सचिवांना आमच्या खोलीवर प्रेम जडलं. तिथे स्पर्धा परीक्षांचा वर्ग छान बसेल, असं त्यांचं मत पडलं. रेडिओ काय करतो ते दाखवा, महिनाअखेरच्या शुक्रवारी मी स्वतः येऊन ऐकतो, मग ठरवू, असा निरोप आला. मी अर्ध्या तासाची श्रुतिका लिहिली. एक म्हातारा लेकाकडे राहायला येतो आणि पंधरा दिवसांत परत जातो, एवढीच गोष्ट. संवाद थोडे. सगळी गंमत मागच्या आवाजात, म्हाताऱ्याभोवती एक भरलेलं घर सतत वाजत राहायला हवं. तो आवाज नसेल तर श्रुतिकेत दोन माणसं पोकळीत बोलतायत. आणि श्रुतिका पडली, तर खोली गेली.

भरलेल्या घराचा आवाज शोधायला मी इंटरनेटवर गेले. 'भारतीय कुटुंब, रात्रीचे जेवण' या नावानं एक सापडला. त्यात मागे सतार वाजत होती. डोंबिवलीत आमटीभातावर सतार वाजवणारं एकही घर माझ्या माहितीत नाही.

मग मी माझ्याच घरी जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डर लावून ठेवला. पाऊण तासात तीन वाक्यं मिळाली. "चार्जर कुठाय", "वायफाय गेलंय" आणि "मीठ". बाकी चमच्यांचा आवाज. नवरा, मुलगा आणि मी, तिघं होतो घरी. हे मी सचिनला सांगितलं नाही. सचिनच्या घरी आवाज भरपूर, पण तो टीव्हीचा. मालिकेच्या संगीताचा परवाना कोण आणणार.

बुधवारी मी वैतागून काकांसमोर फाइल आपटली. "तुमच्याकडे दोनशे आवाज आहेत. दळणं आहेत, घंटा आहेत, भांडणातली म्हैस आहे. एका नांदत्या घराचा आवाज नाही?"

काका पेनाचं टोपण काढत, लावत राहिले. मग म्हणाले, "आहे."

"मग द्या!"

"देता येणार नाही. त्याचा कागद झालेला नाही."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दोन वर्षं ज्या माणसानं मला सहीसाठी रडवलं, त्याच्याकडे बिनकागदाचा माल! मी खूप बोलले. नको ते बोलले. "म्हणजे तुमचं ते सगळं सोवळं दुसऱ्यांसाठी होय," हेही बोलले. काका उठले, पिशवी खांद्याला लावली आणि गेले. गुरुवार, शुक्रवार आले नाहीत. फोन उचलला नाही. सचिवांचा शुक्रवार त्याच्या पुढच्या आठवड्यातला होता.

शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला मी त्यांच्या घरी गेले. काळजी वाटली म्हणून गेले असं म्हणायला मला आवडेल, पण मी तो आवाज आणायला गेले होते. त्यांचं घर म्हणजे डोंबिवली पूर्वेची बिनलिफ्टची जुनी इमारत, तिसरा मजला, दारावर 'ग. रा. पाष्टे, निवृत्त' अशी पाटी. कशातून निवृत्त ते लिहिलेलं नाही.

बेलकडे हात नेला आणि थांबले. आत माणसं होती. कुकरची शिट्टी झाली. एक बाई ओरडली, "तीन झाल्या गं, बंद कर!" भांडं पडलं. कुणी पुरुष टॉवेल कुठाय विचारत होता आणि टॉवेल त्याच्याच खांद्यावर आहे असं त्याला सांगितलं जात होतं. एक लहान मुलगी ठेक्यात पाढे म्हणत होती. मी पाटी पुन्हा वाचली. काका अविवाहित, एकटे, हे कॉलेजच्या शिपायालासुद्धा माहीत. गावाहून कोणी आलं असेल म्हणून मी बेल दाबली.

अख्खं कुटुंब एका क्षणात गप्प झालं.

काकांनी दार उघडलं. आत एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर एक ताट, त्यात आमटीभात. ताटाशेजारी मोबाइल आणि लहानसा स्पीकर. दुसरं कोणी नव्हतं.

"पाहुणे गेले का?" मी मूर्खासारखं विचारलं.

"बसा मॅडम," ते म्हणाले. मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकले. समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "हे त्यांचं. जगदाळ्यांचं. पलीकडे राहायचे. मधली भिंत चार इंची, बिल्डरनं पैसे वाचवले. सगळं ऐकू यायचं. आधी त्रास व्हायचा. मग सवय झाली. मग नऊ वर्षांपूर्वी ते शीळफाट्याला टॉवरमध्ये गेले. जायच्या आधी आठ दिवस मी रोज संध्याकाळी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला. आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग ते. चोरीचं."

"अहो, मग विचारायचं ना त्यांना! तुम्ही म्हशीचं सुद्धा विचारता."

"म्हशीचं विचारता येतं मॅडम." ते ताटाकडे बघत होते. "'तुमच्या घराचा आवाज द्या, मला एकट्याला जेवण जात नाही', हे दोन साक्षीदारांसमोर कसं विचारायचं? त्यानंतर मात्र एकही आवाज न विचारता घेतला नाही."

मला उलट उत्तर देण्याची सवय आहे, नवरा साक्ष देईल. त्या वेळी मी नुसतं त्यांचं ताट त्यांच्याकडे सरकवलं. दोन वर्षं ज्या कागदांवर मी चहाचा कप ठेवत होते, ते सगळे त्या एका न झालेल्या कागदापायी होते. मला माझी लाज वाटली, आणि ती वाटून घ्यायला त्या खोलीत दुसरी खुर्चीही नव्हती.

"उद्या रविवार आहे," मी म्हटलं. "उद्या जाऊ शीळफाट्याला. मी येते बरोबर."

"रागावतील हो. खासगी आहे ते. टॉवेल वगैरे आहे त्यात."

"टॉवेलचं मी बघते."

पत्ता शोधावा लागला नाही. टॉवरचं नाव, विंग, मजला, सगळं एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं त्यांच्या पाकिटात होतं. नऊ वर्षांची ती चिठ्ठी घडीवर फाटायला आली होती.

कल्याण-शीळ रस्त्यानं आपला धर्म सोडला नाही, रिक्षा पाऊण तास जागची हलली नाही. काका मांडीवरची पिशवी घट्ट धरून. टॉवरच्या फाटकावर वॉचमननं वही पुढे केली. वही बघून काका जरा सावरले. नाव, पत्ता, वेळ भराभर लिहिलं. 'येण्याचे कारण' या रकान्याशी पेन थांबलं. मागे दोन कुरियरवाले खोळंबले. वॉचमन म्हणाला, "काका, कुछ भी लिख दो." चौतीस वर्षांत असला सल्ला त्यांना कोणी दिला नसेल. त्यांनी शेवटी 'खासगी' लिहिलं.

जगदाळे वहिनींनी दार उघडलं आणि त्यांना बघून दोन्ही हात गालाला लावले. "अगंबाई, पाष्टेकाका! अहो किती वर्षांनी! ऋतुजा, बाहेर ये, कोण आलंय बघ!" ऋतुजा बाहेर आली. बारावीतली मुलगी, कानात एअरफोन, एक काढून हातात धरलेला. पाणी आलं, चिवडा आला. काका सोफ्याच्या काठावर कोर्टात बसल्यासारखे बसले होते. शेवटी मीच सांगितलं. रेडिओ, श्रुतिका, भिंत, आठ दिवस. जेवण जात नाही ते सांगितलं नाही. ते माझं नव्हतं.

वहिनींनी चिवड्याची बशी काकांकडे सरकवली. मग म्हणाल्या, "ऐकवा की."

काकांनी मोबाइल टीपॉयवर ठेवला. शिट्टी झाली. "तीन झाल्या गं, बंद कर!" वहिनी तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. टॉवेलचं आलं तेव्हा ऋतुजा ओरडली, "पप्पा! अजून तस्सेच आहेत!" मग पाढे सुरू झाले, छोटी ऋतुजा भिंतीपलीकडून, लांबून, ठेक्यात. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एकावन्न. सतरा चोक... सतरा चोक...

आणि मग मोबाइलच्या अगदी जवळून, हळू, पुरुषाचा आवाज: "अडुसष्ट."

"अडुसष्ट!" पलीकडची मुलगी म्हणाली आणि पुढे गेली.

काका घाईनं मोबाइलकडे झेपावले. "हे मध्ये माझं चुकून आलंय. सवय होती. तोंडातून जायचं."

"आई!" ऋतुजानं दुसराही एअरफोन काढला. "मी सांगायचे ना तुला! भिंत उत्तर सांगते म्हणून! तू हसायचीस!"

"हसायचे, मला माहीत होतं म्हणून," वहिनी म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. "अहो काका, भिंत काय एकाच बाजूनं पातळ असते का? आम्हाला पण तुमचं सगळं यायचं. तुमचा खोकला, तुमचं ताट. मला स्वयंपाकातून उठता यायचं नाही, म्हणून मी हिला मुद्दाम त्या भिंतीला पाठ लावून बसवायचे. म्हणायचे, काका घेतील पाढे."

"म्हणजे ऐकू जायचं?" काकांनी विचारलं.

"रोज," ऋतुजा म्हणाली. "इथे आल्यावर मी एकोणीसचा शिकलेच नाही."

श्रुतिकेचं एकदा सांगून टाकते. ती शुक्रवारी झाली, सचिवांनी डोळे मिटून ऐकली आणि ते झोपले नव्हते हे शेवटी त्यांनी नाक ओढलं त्यावरून कळलं. खोली सध्या आमच्याकडे आहे. काकांनी मला 'अडुसष्ट' तेवढं कापायला सांगितलं होतं. मी आजवर मंत्र्यांना कापलंय, प्राचार्यांना तर दर आठवड्याला कापते. ते मी कापलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. काकांनी बरोबर आणलेल्या कागदावर वहिनींनी न वाचताच सही केली, आणि काकांनी वाचून दाखवण्याचा हट्ट केला नाही. आम्ही निघायला उठलो. वहिनींनी काकांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

"जेवून जायचं," त्या म्हणाल्या. "आणि दर रविवारी यायचं. या टॉवरच्या भिंती जाड आहेत काका, इथे काही ऐकू येत नाही. इथे दारातूनच यावं लागेल."

जगदाळे बाथरूममधून टॉवेल मागत होते. कुणीतरी टीव्ही लावला, कुणीतरी बंद कर म्हणून ओरडलं. पानं मांडली. काकांनी त्या दिवशी तीनदा भात घेतला. मी मोजला, कारण ताटावरून नजर वर उचलून त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.